मेजावरचं घंगाळ

काळ्या मातीचा गोळा आईने कणकेसारखा मळला, तांब्याच्या घंगाळाच्या तळाशी थापला आणि त्यात बोट खुपसून बाहेर काढलं. भोक तसंच राहिलं. म्हणजे माती झाली होती.

"आता दे बाजरी," ती म्हणाली.

सुगीच्या सणाचा आदला दिवस, शनिवार. प्रवरेच्या काठच्या आमच्या गावातल्या चर्चमध्ये दुपारी आम्ही तिघीच होतो: आई, मी आणि आईची मैत्रीण अनसूयामावशी. दुसऱ्या दिवशी वाड्यावस्त्यांवरून मंडळी येणार होती. नव्या पिकातलं पहिलं काहीतरी प्रत्येक घरातून यायचं. बाजरीची पेंढी, मका, भोपळे, गुळाची ढेप, एखादी पाय बांधलेली कोंबडी. सगळं पुढे जमिनीवर मांडलं जायचं आणि त्याच्या मधोमध, प्रभुभोजनाच्या मेजावर, आईने सजवलेलं हे घंगाळ. मला कळायला लागल्यापासून ते तीच सजवत होती.

मी पुण्याला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होते. सणाला दोन दिवस यायचे, आईच्या हाताखाली उभी राहायचे आणि सोमवारच्या सकाळच्या एसटीने परत जायचे. हाताखाली म्हणजे ती मागेल ते द्यायचं. स्वतः काही लावायचं नाही. बाजरी तिने आठवडाभर आधी कापून आढ्याला उलटी टांगलेली असे. हिरवं कणीस मान टाकतं आणि पुरतं वाळलेलं पांढऱ्या कापडावर दाणे सांडतं. या दोन्हींच्या मधला दिवस तिला नेमका कळायचा. कसा, ते मी विचारलं तर म्हणाली होती, "हातात घेतल्यावर कळतं. तू घेत नाहीस ना हातात."

कणसांमागून बाजरीच्या रानातलं कुरडू, मग झेंडू, पिवळी शेवंती, तुरीचे फुलावर आलेले शेंडे, दोनचार फुटलेली कापसाची बोंडं. आई घंगाळाभोवती फिरत होती. एक काडी इकडून, एक तिकडून. अनसूयामावशी बाकावर बसून देठांची पानं ओरबाडत होती आणि बोलत होती. तिला गप्प बसून काम करता येत नसे.

"मागच्या बाजूला कशाला एवढी फुलं खर्ची घालतेस, सगुणे? तिकडून फक्त पाळकसाहेब बघणार. अन् ते तर डोळे मिटून असतात."

"मेजावर मागची बाजू आहे गं," आई म्हणाली. "घरात नेल्यावर कुठली मागची बाजू? मधोमध ठेवतात. चारी बाजूंनी माणसं बसतात."

हे घंगाळ उपासना झाल्यावर चर्चमध्ये राहत नसे. आमच्या मंडळीची ती रीत होती. वर्षभरात ज्या घरात कोणी गेलं असेल त्या घरी ते न्यायचं. दोन घरं असली तर फुलं वाटून न्यायची. बायका मिळून जायच्या. घंगाळ मी उचलायचे, कारण मी तरुण होते, आणि बोलायची आई. बोलायची म्हणजे एकच वाक्य. घंगाळ खाली ठेवलं, सलाम झाला, की ती विचारायची, "काय हवंय?"

लोक म्हणायचे, काही नको.

मग आई उभी राहायची. पुन्हा विचारायची नाही, निघायचीही नाही. मला त्या थांबण्याचा फार संकोच वाटे. हातात काही नसताना परक्याच्या घरात नुसतं उभं राहायचं, पायांकडे बघत. पण थोड्या वेळाने समोरचं माणूस काहीतरी बोलायचंच. कोणाला रात्री सोबतीला माणूस हवं असायचं. कोणाला मुंबईच्या मुलाला पत्र लिहून हवं असायचं. आदल्या वर्षी योहानमास्तरांची बायको गेली होती. मास्तर सगळ्या गावाला शिस्त लावणारे. तेही आधी म्हणाले, काही नको, देवाची कृपा आहे. आई थांबली. बराच वेळ गेल्यावर मास्तर भिंतीकडे बघत म्हणाले, "तिचा चष्मा कुठं ठेवलाय ते सापडत नाही." आईने पदर खोचला, आत गेली आणि सगळं स्वयंपाकघर उपसलं. चष्मा पिठाच्या डब्यात निघाला. मास्तरांनी तो पुसलाही नाही, तसाच खिशात ठेवला.

"यंदा कोणाच्या घरी गं?" अनसूयामावशीने विचारलं.

आई थांबली. हातातलं कुरडू तसंच धरून तिने वर्ष आठवून पाहिलं असावं. "यंदा कोणी नाही," ती म्हणाली. "बघ ना. यंदा कोणीच गेलं नाही."

"तर मग माझ्याकडं पाठव. सून आल्यापासून माझं घर दुःखातच आहे."

"सून काय म्हणते ते मला ठाऊक आहे. तिच्याकडं पाठवलं पाहिजे."

"मग ने तुझ्याच घरी," मावशी म्हणाली. "आयुष्यभर लोकांच्या दारी पोचवलंस. चार दिवस ठेव आपल्या घरात अन् बघत बस."

आई हसली. तिचं हसणं सुरू झालं की पटकन संपायचं नाही, ती बाकाला टेकून हसली, डोळे पुसले आणि म्हणाली, "खरंच नेते. शांतवनरावांना म्हणते, जेवायला बसा फुलांच्या बाजूला, साहेबासारखे." शांतवन म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. ते जेवताना ताटाकडे सोडून कुठेच बघत नसत, म्हणून मावशीलाही हसू आलं.

त्या दिवशी आईने एक वेगळी गोष्ट केली. पुढची बाजू भरून झाल्यावर मागे सरकली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि मला म्हणाली, "मागची बाजू तू कर."

"मला नाही येत."

"मी कुठं म्हटलं येतं म्हणून?"

मी कणसं खुपसली. एक वाकडं गेलं, ते काढलं, तर मातीत मोठं भोक पडलं. शेवंती एकाच बाजूला दाटली. खूप वेळ मी तिथे खटपट केली आणि शेवटी खाली, घंगाळाच्या काठापाशी, हाताच्या पंजाएवढी जागा मोकळीच राहिली. तिथे काय लावावं ते मला कळेना. झेंडू लावला तर बटबटीत दिसे, कुरडू लावलं तर उघडं.

आई येऊन वाकून बघून गेली. "राहू दे ती जागा. सकाळी तीन जास्वंदी लावू तिथं. आत्ता लावून उपयोग नाही, सकाळी उमलते आणि संध्याकाळी मिटते. घंटेच्या आधी येऊन लावू."

"आणि बाकीचं? नीट कर ना तू."

"नीटच आहे," ती म्हणाली. आणि खरंच तिने एका काडीलाही हात लावला नाही.

संध्याकाळी घरी परतताना ती मला विचारत होती, सोमवारी बरोबर काय देऊ. तिळाची चटणी करून ठेवली होती. नवी गोधडी शिवली होती, पुण्यात थंडी पडते म्हणून. मी म्हणाले, काही नको, आई, सगळं आहे. बॅगेत पुस्तकं आहेत, जागा नाही. ती म्हणाली, "लहानपणी तुला ताप आला तरी सांगायची नाहीस तू. कपाळाला हात लावला की कळायचं. धाकट्या भावंडांना पाव बिस्कीट काय काय लागायचं. तुझं आपलं, काही नको."

"मग नसेल हवं."

"असं कुठं असतं का, बाई? माणसाला काही नको असतं?" ती म्हणाली. रागावून नाही. "लोकांच्या दारात मी थांबते तेव्हा तू किती अवघडतेस ते मला दिसतं. पण पहिल्यांदा विचारल्यावर कोणी सांगत नसतं. थांबावं लागतं. तुझ्यापुढं मी इतकी वर्षं थांबलेय, तू बघतच नाहीस."

मी म्हणाले, उद्या लवकर उठायचंय ना, चल. मला वाटतं, तिलाही त्यापुढे काही बोलायचं नव्हतं. घरी आल्यावर तिने पिठलं केलं. दादा ताटाकडे बघत जेवले.

सकाळी मला जाग आली ती बंबात चिपाडं घातल्याच्या आवाजाने. अंगणात धूर होता. आई ओट्यावर बसली होती, एक हात गुडघ्यावर, दुसरा गळ्याखाली. दाराशेजारच्या झाडावर जास्वंदी उमलत होत्या, अजून पुरत्या उघडल्या नव्हत्या.

"जरा छातीत भरून आल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली. "पाणी तापलं का बघ."

मी तिच्याकडे बघितलं आणि पाणी तापलं का ते बघितलं नाही. तिच्या ओठांचा रंग बदलला होता. मी दादांना हाक मारली. ते आले, बघितलं आणि चपला न घालता रस्त्याकडे पळाले, जीप असलेल्या घराकडे. ते पळताना मी कधी बघितलं नव्हतं.

मी आईला धरून बसले. माझ्या हाताखाली तिचं ब्लाउज घामाने भिजलं होतं. मी किती पुस्तकं हाताळली होती, किती वाचली होती. त्यातल्या एकाही पानावरचं मला काही आठवलं नाही. आडवं करायचं की बसवून ठेवायचं, पाणी द्यायचं की नाही, पाठ चोळायची की हलवायचं नाही. मी विचारलं, "आई, काय हवंय?"

ती म्हणाली, "काही नको. बस इथं."

मी बसले. रस्त्यावरून जीपचा आवाज येतोय का ते मी ऐकत होते. आमच्या बंबात चिपाडं पेटली होती, पाण्याला आधण आलं होतं, शेजारच्या घरात कोणीतरी झाडत होतं. तिने एकदा मान वळवून जास्वंदीकडे बघितलं, असं मला वाटलं. कदाचित नुसती मान कलली असेल. जीप आली तेव्हा दादा टपावर हात मारून ड्रायव्हरला लवकर, लवकर म्हणत होते. मग त्यांनी मला बघितलं आणि त्यांचा हात थांबला.

त्यानंतरचं सगळं माझ्याभोवती घडत गेलं. मी त्यात कुठे नव्हते. शेजारच्या बायकांनी आईला आत नेलं. कोणी पाणी काढलं. आईनेच तापवलेल्या पाण्याने तिला अंघोळ घातली. भावाबहिणीला तारा करायला कोणी पोस्टमास्तरच्या घरी गेलं. माझ्याकडे कोणी एक ब्लाउज आणून विचारलं, हे का ते. मी हे म्हणाले. कुठलं होतं ते मला आज सांगता येणार नाही.

पाळकसाहेब आले. ते दादांसमोर खाली बसले. बाहेर रस्त्यावरून वस्तीवरची माणसं चर्चकडे चालली होती, डोक्यावर पेंढ्या आणि टोपल्या घेऊन. त्यांना अजून कळलं नव्हतं. पाळकसाहेब म्हणाले, आपण सण पुढच्या रविवारी घेऊ, मी घंटा वाजवायची नाही असं सांगतो.

दादांनी रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाले, "वाजवा. लांबून आलीत माणसं. आणि तिनं मेज मांडलंय."

घंटा वाजली. आमचं घर चर्चपासून फार लांब नव्हतं. गाणी ऐकू येत होती, तबल्याचा ठेका येत होता. उपकारस्तुतीची गाणी होती ती, दरवर्षीचीच. मधल्या खोलीत चटईवर आई होती, तिच्या अंगावर पांढरी साडी होती, आणि दादा भिंतीला टेकून बसले होते. एका गाण्याच्या वेळी त्यांचे ओठ हलले. त्यांच्या लक्षात आलं तसे थांबले. मी तिच्या पायांजवळ बसले होते. घंटेच्या आधी येऊन लावू, असं ती म्हणाली होती. मी उठून तीन जास्वंदी तोडून धावत नेऊ शकले असते. दारातून मला त्या दिसत होत्या, आता पूर्ण उमललेल्या. मी उठले नाही. उठून काय करणार होते?

गाणी थांबली. घंगाळ आपल्याच घरी न्यायचं मावशीचं कालचं बोलणं मला तोपर्यंत आठवलं नव्हतं. फाटकाशी पावलं वाजली तेव्हा आठवलं.

बायका होत्या, पुष्कळ, डोक्यावर पदर घेतलेल्या. पुढे अनसूयामावशी होती. घंगाळ तिने स्वतः उचललं होतं, छातीशी धरून, आणि ते जड होतं. ओल्या मातीचं घंगाळ किती जड असतं ते मला माहीत होतं. ती दाराशी आली आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. मागच्या बायका थांबल्या. कणसांच्या आडून तिचं तोंड नीट दिसत नव्हतं.

"आत या, बाई," दादा म्हणाले.

"मी बोलले होते काल," मावशी म्हणाली. "मीच बोलले होते तसं, शांतवनराव. तिच्या तोंडावर."

"ती काल संध्याकाळी सांगत होती मला," दादा म्हणाले. "हसत होती. आत या."

हे मला माहीत नव्हतं. मी अंथरूण घालत असताना कधीतरी तिने त्यांना सांगितलं असावं, साहेबासारखं जेवायला बसायचं ते. मावशी आत आली. कोणी न सांगता तिने घंगाळ खोलीच्या मधोमध ठेवलं, आईच्या उशाशी नाही, मधोमध, जसं आई ठेवायला लावायची. मग सगळ्या जणी चारी बाजूंनी बसल्या. माझ्या बाजूला मागची बाजू आली.

वाकडं कणीस तसंच होतं. एका अंगाला दाटलेली शेवंती तशीच होती. आणि खाली काठापाशी ती पंजाएवढी जागा, तिथली माती वरून वाळून पांढुरकी पडली होती.

"हे असंच होतं," मावशी माझ्याकडे बघून हळू म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता. "सकाळी आम्ही बघितलं. एवढी जागा तिनं का सोडली कळेना. शेवंती होती शिल्लक. पण मी हात नाही लावला. म्हटलं, तिचं काहीतरी असेल मनात."

मी मान हलवली. सांगायला हवं होतं, जास्वंदी. दाराबाहेर आहेत, बघा.

पुढे कितीतरी वर्षं मी लोकांना सांगत आले आहे की त्या दिवशी मी खंबीर राहिले. तसं मला सांगण्यात आलं होतं आणि मी ते मान्य केलं होतं. हेमलता रडली नाही, तिने सगळं निभावलं, भावंडांना सावरलं, संध्याकाळी मातीला चार माणसांसारखी उभी राहिली. त्यातलं बाकीचं खरं आहे. पण त्या बायका आल्या तेव्हाचं मी कोणाला सांगितलेलं नाही, आणि त्यांच्यापैकी कोणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

मावशी उठून उभी राहिली. तिने पदर नीट केला. माझ्या समोर आली. हे विचारायचं काम तिचं कधीच नव्हतं. ती नेहमी मागे उभी राहून कोपराने कोणाला तरी ढोसत असे. तिला वाक्य जुळवायला वेळ लागला.

"हेमा," ती म्हणाली. "काय हवंय?"

"काही नको, मावशी."

माझं मलाच ऐकू आलं. नेहमीसारखंच आलं होतं ते, न अडखळता.

मावशीने पुन्हा विचारलं नाही. ती गेलीही नाही. दोन्ही हात पोटाशी धरून उभी राहिली, माझ्या पायांकडे बघत. बाकीच्या बायकाही उठल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. कोणी खोकलं नाही. दादांनी मान वर केली. दारातून ऊन आत आलं होतं, घंगाळाच्या तांब्यावर पडलं होतं. अंगणात बंबातला विस्तव विझत आला होता, त्याचा वास येत होता. मला वाटलं, आता कोणीतरी बोलेल, पाळकसाहेब येतील, भाऊ येईल, काहीतरी होईल आणि हे संपेल. काही झालं नाही. त्या थांबल्या होत्या. किती वेळ लागला तरी त्या थांबणार होत्या, त्यांना तिने शिकवलं होतं.

"मावशी," मी म्हणाले, "मला आई हवी."